तृणमणी ते अणू : विद्युत्प्रभाराच्या शोधाचा इतिहास



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांचा मी विद्यार्थी, आणि पुढे काही वर्षे त्यांचा सहकारी. त्यांच्या नावाने होणारे व्याख्यान देण्याची माझी योग्यता आहे असे मला वाटत नाही. तरीही मी हे निमंत्रण स्वीकारले, याला एक कारण आहे. सरांच्या विषयातील एका प्रश्नाचे उत्तर मी या शाळेतील एका विद्यार्थिनीला देणे लागतो. ते ऋण बरीच वर्षे राहून गेले आहे. आजच्या व्याख्यानात ते शक्य तितके फेडावे, असा माझा हेतू आहे.

विषय तसा साधा आहे. कोरड्या केसांतून कंगवा फिरवून तो कागदाच्या कपट्यांजवळ नेला की कपटे उडून त्याला चिकटतात. हा खेळ आपण सर्वांनी केलेला आहे. कपटे का उडतात, हे समजून घेण्यासाठी माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली, आणि त्या शोधाच्या वाटेवरच त्याला अणूचे अंतरंग सापडले. शाळेत मात्र आपण हा क्रम उलटा शिकवतो : आधी अणूची आकृती, मग इलेक्ट्रॉनची व्याख्या, आणि शेवटी वेळ उरलाच तर कंगवा. या उलट्या क्रमाने काय गमावले जाते, ते मला आज सांगायचे आहे.

जुलै महिन्यातील एक तास

१९६२ सालचा जुलै महिना. मी आठवीत होतो. भोपाळ राजधानी होऊन जेमतेम सहा वर्षे झाली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि राजधानीचा मान नागपूरकडून भोपाळकडे आला. त्याबरोबर कितीतरी मराठी कुटुंबे या तलावांच्या गावी येऊन स्थायिक झाली. आमच्या वर्गात कोणाचे वडील नागपूरहून सचिवालयाबरोबर आलेले, कोणाचे ग्वाल्हेर-इंदूरकडून बदलून आलेले, तर कोणाचे हेवी इलेक्ट्रिकल्सच्या नव्या कारखान्यात कामाला लागलेले. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि चौकात उर्दू, अशा तीन भाषांत आमचे दिवस जात.

त्या दिवशी शाळा-तपासनीस वर्गावर आले होते. सरांनी टेबलावर काचेची नळी, रेशमी रुमाल, लाखेची कांडी, लोकरीचा तुकडा आणि दोऱ्याला टांगलेली भेंडाची गोळी अशी सिद्धता करून ठेवली होती. नळी रेशमाने घासली, गोळीजवळ नेली. गोळी हलली नाही. पुन्हा घासली, पुन्हा काही नाही. लाखेची कांडी झाली, तिनेही दाद दिली नाही. बाहेर पावसाची झड लागली होती, भिंतींना ओल आली होती. तपासनीसांनी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाले, "निष्कर्ष सांगून टाका, म्हणजे मुलांचे नुकसान होणार नाही."

सरांनी निष्कर्ष सांगितला नाही. ते आम्हांला म्हणाले, "वहीत लिहा : आज गोळी हलली नाही. खाली तारीख घाला, आणि हवा कशी आहे तेही लिहा."

तपासनीस निघून गेल्यावर सरांनी शिपायाची सिगडी वर्गात आणवली. नळी आणि रेशीम तिच्या उबेवर चांगले शेकले आणि ती थंड होण्यापूर्वीच घासली. गोळी टुणकन नळीकडे आली, तिला चिकटली, क्षणभराने झटकली गेली आणि मग नळी जवळ नेताच दूर पळू लागली. आम्ही ओरडलोच. सर म्हणाले, "सकाळी प्रयोग फसला नव्हता. तो आपल्याला काहीतरी सांगत होता, ते आपल्याला कळले नव्हते." दमट हवेत काचेवर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि साठलेली वीज त्या थरावरून हाताकडे निघून जाते, हे त्यांनी आम्हांला मग समजावून दिले. पण समजावण्याआधी ते आमच्याकडूनच जवळजवळ वदवून घेतले होते.

पुढे या विषयाचा इतिहास वाचताना मला जाणवले की, त्या एका तासात आम्ही ज्या वाटेने गेलो, त्याच वाटेने विज्ञानही गेले होते.

गवत ओढणारा मणी

या इतिहासाचा आरंभ तृणमण्यापासून होतो. तृणमणी म्हणजे प्राचीन वृक्षांच्या डिंकासारख्या रसाचे लक्षावधी वर्षांत झालेले पिवळसर अश्मरूप. तो घासला की गवताच्या काड्या ओढून घेतो. आपल्या भाषेत त्याचे नावच त्यावरून पडले. फारसीत त्याला 'कहरुबा' म्हणतात. त्याचाही अर्थ गवत हिरावणारा. जुन्या भोपाळच्या हकिमांना हा शब्द परिचयाचा होता, आणि अरबी भाषेत आजही विजेला याच शब्दापासून झालेले नाव आहे. ग्रीकांनी त्याला 'इलेक्ट्रॉन' म्हटले. हे आकर्षण प्रथम ध्यानात घेतल्याचे श्रेय परंपरेने ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातील थेलीस या ग्रीक विचारवंताला दिले जाते. ज्याला आपण अणूतील कण म्हणून ओळखतो त्याचे नाव मुळात एका मण्याचे आहे, हे विद्यार्थ्यांना सांगितले तर तो शब्द त्यांना परका वाटणार नाही.

पुढची दोन हजार वर्षे ही केवळ एक गंमत राहिली. १६०० साली विल्यम गिल्बर्ट या इंग्लंडमधील वैद्याने चुंबकावरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, हा गुण केवळ तृणमण्याचा नाही. काच, गंधक, लाख अशा कितीतरी पदार्थांत तो आहे. चुंबकाचे आकर्षण आणि हे आकर्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्याने स्पष्ट केले. ओलसर हवेत हा गुण लोपतो, हे त्याच्याही ध्यानात आले होते. आमच्या जुलैतल्या तासाची ही जणू पहिली नोंद.

यानंतरचे महत्त्वाचे पाऊल एका रंगाऱ्याने टाकले. स्टीफन ग्रे हा कापड रंगवण्याचा व्यवसाय करणारा सामान्य माणूस. १७२९ साली त्याने घासलेल्या काचेच्या नळीचा गुण दोरीवाटे शेकडो फूट दूर नेऊन दाखवला. दोरी आधाराला टांगण्यासाठी त्याने रेशमाचे धागे वापरले होते. दोरीच्या भाराने एक धागा तुटला, तेव्हा त्याने तितकीच बारीक पण मजबूत म्हणून पितळेची तार लावली. आणि गुण दोरीच्या टोकापर्यंत पोहोचेनासा झाला. धाग्याच्या बारीकपणात काही नाही, तो कशाचा आहे यात सारे काही आहे, हे ग्रेला उमगले. वाहक आणि विसंवाहक हा भेद एका तुटलेल्या धाग्यातून हाती आला. पुढच्याच वर्षी त्याने एका मुलाला रेशमी दोरांनी आडवे टांगले, त्याच्या अंगाला घासलेली नळी लावली आणि त्याच्या हाताकडे पितळेच्या वर्खाचे तुकडे उडताना प्रेक्षकांना दाखवले. माणसाचे शरीरही विजेचे वाहक आहे, हे तेव्हा कळले.

१७३३ साली फ्रान्समधील द्यु फे याने वीज दोन प्रकारची असल्याचे दाखवले : एक घासलेल्या काचेवरची, दुसरी घासलेल्या राळेवरची. सजातीय विजा एकमेकींना दूर लोटतात, विजातीय जवळ ओढतात. आमची भेंडाची गोळी आधी चिकटली आणि मग पळाली, त्याचा उलगडा येथे होतो. नळीला स्पर्श होताच तिच्याकडचाच प्रभार गोळीलाही मिळाला आणि दोघी सजातीय झाल्या.

१७४७ च्या सुमारास अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन याने आणखी सुटसुटीत विचार मांडला. वीज घासण्याने निर्माण होत नाही. ती प्रत्येक पदार्थात आहेच. घासण्याने ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते. ज्याच्याकडे ती जास्त झाली तो धन, ज्याच्याकडे कमी पडली तो ऋण. एकाचा लाभ तितकीच दुसऱ्याची हानी. हिशेबाच्या वहीतली ही कल्पना आजही अढळ आहे : एकूण प्रभार कधी नाहीसा होत नाही, नव्याने उत्पन्नही होत नाही. एका बाबतीत मात्र फ्रँकलिनचा अंदाज उलटा पडला. रेशमाने घासलेल्या काचेवर वीज जमा होते असे मानून त्याने काचेला धन म्हटले. प्रत्यक्षात काचेकडून कण जातात, येत नाहीत. म्हणूनच इलेक्ट्रॉनच्या नशिबी ऋण चिन्ह आले, आणि तारेतील प्रवाहाची दिशा इलेक्ट्रॉनच्या गतीच्या उलट लिहिण्याची शिक्षा आजचे विद्यार्थीही भोगत आहेत.

येथे एका शाळामास्तराचे स्मरण करणे उचित होईल. लंडनमध्ये शाळा चालवणाऱ्या जॉन कँटनने १७५४ साली दाखवले की, काच नेहमी धनच होते असे नाही. काचेचा पृष्ठभाग खरखरीत केला किंवा घासण्याचे वस्त्र बदलले तर तीच काच ऋणही होते. तीन वर्षांनी, १७५७ मध्ये, योहान विल्के याने पदार्थांची एक क्रमवारी तयार केली : या यादीतील कोणतेही दोन पदार्थ घासले तर वरचा धन होईल, खालचा ऋण. पदार्थाचा प्रभार त्याच्या एकट्याच्या स्वभावात नसून जोडीदारावर आणि पृष्ठभागाच्या स्थितीवरही अवलंबून असतो, हे कँटनने दाखवलेले सत्य आपल्या पाठ्यपुस्तकांत एका वाक्यापुरतेही उरलेले नसते. त्याचे महत्त्व पुढे येणारच आहे.

अणू कोणता आणि परमाणू कोणता?

अणूकडे वळण्यापूर्वी आमच्या घरातील एक वाद सांगतो. माझा चुलतभाऊ नागपूरला मराठीतून शिकत होता. दिवाळीच्या सुटीत तो भोपाळला आला असता आमचे कडाक्याचे भांडण झाले. तो म्हणे, अणू हा मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण; अणू एकत्र आले की रेणू होतो. मी म्हणे, छे, अणू अनेक परमाणूंचा बनलेला असतो. माझ्या पुस्तकात स्पष्ट छापले आहे. दोघांचीही पुस्तके खरी होती. मराठीतला अणू तो हिंदीतला परमाणु, आणि मराठीतला रेणू तो हिंदीतला अणु. तसेच मराठीतला प्रभार हिंदीत आवेश होतो आणि अणूचे केंद्रक तेथे नाभिक होते.

आम्ही भांडण सरांकडे नेले. त्यांनी निवाडा दिला नाही. पाण्याचा थेंब फळ्यावर टेकवला आणि म्हणाले, "हा अर्धा कर, पुन्हा अर्धा कर. कुठवर गेलास तर ते पाणी उरणार नाही? त्या आधीच्या कणाला काय म्हणायचे, आणि त्याच्या तुकड्यांना काय म्हणायचे, हे दोन प्रश्न झाले. नावे दोघांनी दोन ठेवा. गोष्ट एकच आहे ना, ते आधी पाहा." मराठी आणि हिंदी या दोन्ही शब्दयोजना आपण आपल्या प्राचीन वैशेषिक दर्शनाच्या भांडारातून उचलल्या आहेत. कणादांच्या परंपरेत दोन परमाणूंचे द्व्यणुक होते आणि द्व्यणुकांपासून डोळ्यांना दिसू शकणारा कण होतो. तेथील परमाणू मात्र अविभाज्य होता, आणि त्याचा अभ्यास तर्काने चाले. आधुनिक अणू प्रयोगातून सापडला, आणि तो विभाज्य निघाला. शब्दाचा वारसा आणि आशयाचा वारसा यांची गल्लत करू नये, एवढेच येथे म्हणतो.

अणूच्या अंतरंगात

विजेचे अणूशी काही नाते असावे, ही शंका एकोणिसाव्या शतकात बळावली. १८३३-३४ मध्ये मायकेल फॅरडेने द्रावणांतून वीज सोडून दाखवले की, मुक्त होणारे द्रव्य आणि वाहिलेली वीज यांचे प्रमाण ठरलेले असते. प्रत्येक अणूला विजेचा ठरावीक हिस्सा जोडलेला असल्याखेरीज असे होणार नाही. या हिश्शाला १८९१ साली जॉर्ज स्टोनीने 'इलेक्ट्रॉन' हे नाव दिले. कण सापडण्याआधीच नाव ठरले होते.

१८९७ साली केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन याने निर्वात नळीतील ऋण किरण विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्रांतून वळवून त्यांच्या प्रभाराचे व वस्तुमानाचे गुणोत्तर मोजले. हे किरण म्हणजे हायड्रोजनच्या अणूहून हजारपटींहूनही हलके असे कण आहेत, आणि नळीतील धातू व वायू बदलले तरी कण तेच राहतात, असे त्याला आढळले. अविभाज्य समजल्या गेलेल्या अणूचा एक भाग बाहेर आला होता. अमेरिकेत रॉबर्ट मिलिकनने १९०९ ते १९१३ या काळात तेलाचे सूक्ष्म थेंब विद्युत् क्षेत्रात तरंगत ठेवून त्यांच्यावरील प्रभार मोजला. तो नेहमी एकाच लहान राशीच्या पटीत निघाला. ती राशी म्हणजे एका इलेक्ट्रॉनचा प्रभार. २०१९ पासून तिचे मूल्य १.६०२१७६६३४ × १०⁻¹⁹ कूलोम असे कायमचे निश्चित करून त्यावरच विद्युत् मापनाचे एकक आधारलेले आहे.

मग धन प्रभार कोठे आहे? १९०९ साली मँचेस्टरमध्ये रदरफर्डच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी धातूच्या पातळ पत्र्यांवर आल्फा कणांचा मारा केला. मार्सडेन तेव्हा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. बहुतेक कण आरपार गेले, पण सुमारे आठ हजारांतला एखादा मागे फिरला. १९११ साली रदरफर्डने अनुमान काढले की, अणूचा सर्व धन प्रभार आणि जवळजवळ सर्व वस्तुमान एका अतिसूक्ष्म केंद्रकात एकवटलेले आहे. रोशनपुरा चौकात क्रिकेटचा एक चेंडू ठेवावा आणि तो हायड्रोजनचे केंद्रक मानावा, तर अणूचा पसारा चार-साडेचार किलोमीटर रुंदीच्या वर्तुळात शहरभर पसरेल. मधली सारी जागा इलेक्ट्रॉनची.

१९१३ मध्ये नील्स बोरने इलेक्ट्रॉनच्या ठरावीक ऊर्जापातळ्यांची कल्पना मांडली. रदरफर्डने पुढे प्रोटॉन ओळखला, आणि १९३२ साली चॅडविकने न्यूट्रॉन शोधला. चित्र पूर्ण झाले : केंद्रकात धन प्रोटॉन आणि प्रभाररहित न्यूट्रॉन, भोवती प्रोटॉनांइतकेच ऋण इलेक्ट्रॉन, म्हणून एकंदर अणू उदासीन. प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे १८३६ पट जड आणि केंद्रकात घट्ट बांधलेला. तो घासण्याने हलत नाही. बाहेरच्या बाजूचे इलेक्ट्रॉन सैल असतात. फ्रँकलिनच्या वहीतली देवघेव त्यांच्याकडून होते, असे हे चित्र सांगते.

ही देवघेव किती असते? आपल्या कंगव्यावर साधारणपणे एका कूलोमचा दहा कोटीवा भाग इतका प्रभार जमला असे धरू. म्हणजे सुमारे सहा हजार कोटी इलेक्ट्रॉन त्यावर आले. आकडा मोठा वाटतो; पण दहा ग्रॅम वजनाच्या त्या कंगव्यात आधीपासून इतके इलेक्ट्रॉन आहेत की, पन्नास लाख कोटींमागे एक, एवढीच ही भर पडली. एवढ्या क्षुल्लक असमतोलाने कागदाचा कपटा साऱ्या पृथ्वीच्या ओढीला न जुमानता उडतो. शिवाय कपटा स्वतः उदासीनच असतो. कंगव्याच्या प्रभावाने त्याच्यातील ऋण भाग किंचित पलीकडे आणि धन भाग किंचित अलीकडे सरकतो. जवळच्या भागाचे आकर्षण दूरच्या भागाच्या प्रतिकर्षणावर मात करते.

एका मुलीचा प्रश्न

आता माझ्या ऋणाकडे येतो. १९८३ सालच्या जानेवारीत मी याच शाळेत नववीला हा धडा शिकवत होतो. सर तेव्हा निवृत्त झाले होते. अभ्यासक्रम संपवायची घाई होती. मी व्याख्या फळ्यावर लिहिली, अणूची आकृती काढली आणि सांगितले : घासल्यावर केसांकडून इलेक्ट्रॉन कंगव्याकडे जातात. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ती म्हणाली, "सर, केसही अणूंचे आणि कंगवाही अणूंचाच. मग कोणी द्यायचे आणि कोणी घ्यायचे, हे ठरवते कोण? आणि दोन अगदी सारखेच फुगे एकमेकांवर घासले तर?"

मला उत्तर येत नव्हते. येत नाही, असे म्हणायला हवे होते. मी म्हणालो, "हे परीक्षेत येणार नाही. खाली बस." ती बसली. वर्षभरात तिने पुन्हा प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही. सरांच्या सिगडीशेजारी बसून शिकलेल्या माणसाने हे केले, ही गोष्ट मला अजून टोचते.

तीन वर्षांनी, १९८६ च्या उन्हाळ्यात, होशंगाबादला शिक्षकांच्या एका प्रशिक्षण शिबिरात पाहुणा म्हणून जाण्याचा योग आला. भोपाळच्या दक्षिणेस नर्मदाकाठी असलेल्या त्या जिल्ह्याचे नाव २०२२ पासून नर्मदापुरम झाले आहे. तेथे १९७२ साली किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू केला होता. किशोर भारतीचे संस्थापक अनिल सदगोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून येथे आले होते, आणि त्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी या उपक्रमाला आरंभापासून हातभार लावला. १९७८ मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यात पसरला. त्याच वर्षी तेथे येऊन काड्यापेट्यांच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबपासून विज्ञानाची खेळणी घडवणारे अरविंद गुप्ता पुढे पुण्याच्या आयुकातील मुलांच्या विज्ञान केंद्रामुळे महाराष्ट्रात घरोघरी परिचित झाले. १९८२ साली भोपाळात स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने या उपक्रमाची धुरा घेतली. 'बाल वैज्ञानिक' ही त्याची पुस्तके. त्यांत उत्तरे छापलेली नसत. परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा असे, कारण पुस्तकात पाहून लिहिता येईल असे काही विचारलेच जात नसे.

त्या शिबिरात शिक्षकांनी अवघड प्रश्न विचारला, की भौतिकशास्त्राचे नामांकित प्राध्यापक म्हणत, "मलाही ठाऊक नाही, करून पाहू या." हे वाक्य एवढ्या सहजतेने उच्चारलेले मी सरांनंतर प्रथमच ऐकत होतो. राज्य शासनाने २००२ साली हा कार्यक्रम शाळांतून बंद केला, तेव्हा तो सुमारे एक हजार शाळांत चालू होता. त्याच्या गुणदोषांची चर्चा येथे करायची नाही. अज्ञानाची कबुली हे शिकवण्याचे साधन होऊ शकते, हे मी तेथे पुन्हा शिकलो, एवढेच नोंदवतो.

आणि आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. दोन धातू एकमेकांना टेकले तर इलेक्ट्रॉन कोणाकडे जातील, हे आपण नीट सांगू शकतो. ज्या धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला कमी ऊर्जा लागते, तो देणारा. पण केस, प्लॅस्टिक, लोकर, रबर यांसारख्या विसंवाहकांत नेमके काय होते, यावर आजही एकमत नाही. इलेक्ट्रॉन जातात, की पृष्ठभागावरील ओलाव्यातले आयन जातात, की पदार्थाचेच सूक्ष्म कण निघून दुसऱ्याला चिकटतात? प्रत्येक मताच्या बाजूने पुरावा आहे. २०११ साली अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की, घासलेला पृष्ठभाग सरसकट धन किंवा ऋण नसतो. त्यावर धन आणि ऋण ठिपक्यांची अतिसूक्ष्म नक्षी असते, आणि आपल्याला जाणवतो तो केवळ त्यांच्यातील फरक.

सारख्या फुग्यांचे काय? २०२५ साली ऑस्ट्रियातील संशोधकांनी एकाच पदार्थाचे सारखे तुकडे पुनःपुन्हा एकमेकांना टेकवून पाहिले. आरंभी प्रभार कसाही, अनियमितपणे येई. पण अनेक स्पर्शांनंतर त्या सारख्या तुकड्यांचीच एक क्रमवारी तयार झाली. ज्याला आधी अधिक स्पर्श झालेले, तो ऋण होण्याकडे झुकू लागला. म्हणजे वस्तू कशाची आहे, एवढ्यावरच तिचा प्रभार ठरत नाही. तिच्यावर आजवर काय काय गुजरले, यावरही तो ठरतो. पृष्ठभागाच्या स्थितीला महत्त्व आहे, हे कँटन मास्तरांनी १७५४ मध्ये सांगितलेच होते. नववीतील त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नावर बेचाळीस वर्षांनंतर जगातील अग्रगण्य नियतकालिकांत निबंध छापले जात आहेत, आणि मी तिला परीक्षेचे निमित्त सांगून खाली बसवले होते. ती आज या सभागृहात असेल असे नाही. परंतु हे व्याख्यान पुस्तिकारूपाने माजी विद्यार्थ्यांच्या घरी जाते, म्हणून उत्तर येथे देतो : मुली, तुझा प्रश्न बरोबर होता. उत्तर मला तेव्हा ठाऊक नव्हते, आणि पुरते उत्तर अजून कोणालाच ठाऊक नाही.

समारोप

हा केवळ फुग्यांचा प्रश्न आहे असेही नाही. पावसाळी ढगात बर्फाचे स्फटिक आणि गारांसारखे मऊ गोळे एकमेकांवर आपटतात. हलके स्फटिक बहुधा धन होऊन वर जातात, जड गोळे ऋण होऊन खाली राहतात, आणि ढगाचा हा असमतोल वीज होऊन कोसळतो. त्या टकरीत प्रभाराची वाटणी कशी होते, हेही पुरते उलगडलेले नाही. वीज पडून होणाऱ्या मृत्यूंच्या सरकारी नोंदींत आपला मध्य प्रदेश वर्षानुवर्षे अग्रभागी असतो. शेतात राबणारी, झाडाचा आडोसा घेणारी माणसे त्यात जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने विजेची पूर्वसूचना देणारे 'दामिनी' हे साधन तयार केले आहे. तरीही आपल्या गावच्या शाळेतून शिकून गेलेल्या मुलाला झाडाखाली का थांबू नये, हे कारणासह सांगता यावे. व्याख्या पाठ असलेला ते सांगू शकेलच असे नाही. भेंडाची गोळी पळताना पाहिलेला बहुधा सांगू शकेल.

शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे. अणूची आकृती अवश्य शिकवा. मानवी बुद्धीची ती थोर कमाई आहे. पण ती शिकवण्यापूर्वी एक तास कंगवा, काच, लाख आणि रेशीम मुलांच्या हाती द्या. प्रयोग फसला तर तारीख घालून तसे लिहू द्या. आणि एखादीने तुम्हांला न येणारा प्रश्न विचारला, तर तिला उभीच राहू द्या, बसवू नका.

सरांची ती सिगडी कधीच मोडली. पण १९६२ सालची माझी वही मी जपून ठेवली आहे. तिच्यात जुलैच्या एका पानावर हिंदीत लिहिले आहे की, आज गोळी हलली नाही, हवा दमट आहे. त्याखाली सरांची लाल शाईतली सही आहे, आणि पूर्ण गुण दिलेले आहेत. ती वही मी आज शाळेच्या ग्रंथालयाला अर्पण करीत आहे.

 सरांच्या स्मृतीस वंदन करून माझे भाषण पुरे करतो.